वाघाच्या रानात बेसबॉलचं भांडण

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई अमेरिकेच्या होत्या. उंच, हाडापेराच्या, उन्हानं नाक कायम सोललेलं. मराठी त्या पुस्तकावरून शिकल्या होत्या, त्यामुळे आमच्यासारखं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. मिठाला त्या लवण म्हणायच्या आणि भीती वाटली की 'मी भयभीत आहे' असं सरळ सांगायच्या. भीती वाटते हे त्या लपवत नसत, हे मला पहिल्यापासून फार नवलाचं वाटे. माझ्या माहेरी, वरोऱ्याकडं, कपाशीच्या वावरात साप निघाला तरी बायांनी ओरडू नये अशी शिकवण होती.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा जिल्हा नव्हता. सगळा चांदा जिल्हाच. वैनगंगा ओलांडून मुलचेऱ्याच्या बाजूला गेलं की सागवान आणि बांबू, बांबू आणि सागवान, मध्येच एखादं तळं आणि तळ्याला लागून धानाची गावं. मी नर्सिंग शिकून त्या दवाखान्यात लागले तेव्हा माझं वय विशीच्या आसपास होतं. दवाखान्यात डॉक्टर एकच, नर्स मी एकटी, आणि एक जुनी जीप.

डॉक्टरीणबाईंना एकच नाद होता. त्यांच्या देशातला बेसबॉल. संध्याकाळी आम्ही दोघी व्हरांड्यात बसून गॉजच्या घड्या करायचो तेव्हा त्या मला तो खेळ समजावत. एकदा स्वयंपाकघरातला बत्ता हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि मला लिंबू फेकायला लावलं. लिंबू फुटून त्यांच्या पांढऱ्या झग्यावर रस उडाला. एक जण चेंडू फेकतो, दुसरा गोल लाकडानं तो मारतो, तीनदा हुकला की बाद, एवढं मला त्या दिवशी कळलं.

त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावच्या संघात एक मारणारा होता. वडील त्यांना खांद्यावर बसवून त्याचा खेळ दाखवायला न्यायचे. तो केव्हाच निवृत्त झाला होता, पण त्याचा सगळा जन्माचा हिशेब बाईंना तोंडपाठ होता. किती वेळा मारायला उभा राहिला, किती वेळा चेंडू लागला, कोणत्या वर्षी किती. त्याच्याच काळात आणखी दोघे नावाजलेले होते. एक लांब मारणारा, त्याचा चेंडू मैदानाच्या भिंतीपलीकडं जायचा. दुसऱ्याची चेंडू लागण्याची सरासरी मोठी. या तिघांत आपलाच मोठा, असं बाईंचं म्हणणं.

"दहा वेळा उभा राहिला आणि तीन वेळा चेंडू लागला, तर तो उत्तम खेळाडू," असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं.

"म्हंजे सातदा हुकला तरी उत्तम?"

"हो. जगातले सर्वोत्तम पुरुष बहुधा अपयशी होतात," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

ऑपरेशनच्या वेळी काही अवघड झालं की त्या पुटपुटायला लागत. पहिले काही दिवस मला वाटलं, प्रार्थना करतात. मग आकडे ओळखू आले. त्या मारणाऱ्याची वर्षं एकामागून एक म्हणत, आणि म्हणता म्हणता त्यांचे हात थरथरायचे थांबत.

धानकापणी चालू होती त्या दिवसांत एक माणूस धापा टाकत दवाखान्यात आला. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातला, अंगाला अजून चिखल. त्याच्या बायकोला पहाटे मुलगा झाला होता, पण पोटात दुसरं होतं आणि ते येत नव्हतं. सुईणीनं हात टेकले होते.

"तिले इथी काऊन नाई आणलं?" मी विचारलं.

तो म्हणाला, "रस्त्यात तो हाय नं बाई."

त्या गावात कुणी वाघ हा शब्द उच्चारत नसे. मला माहीत होतं. बांबू तोडणाऱ्या एका माणसाला त्यानं थोड्याच दिवसांपूर्वी भर दुपारी उचलून नेलं होतं, आणि त्याआधी गवत कापायला गेलेल्या एका म्हातारीला. जंगल खात्याचे लोक सुद्धा त्या वाटेनं जायचे थांबले होते. नवरा एकटा पळत आला होता. त्याच्या डोळ्यांत ती वाट अजून दिसत होती.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी भरायला घेतली. मला त्यांनी विचारलंही नाही. मला वाटलं, विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

जीप नाल्यापर्यंतच जात होती. पुढं पायवाट. ड्रायव्हर जीपमध्येच थांबला आणि त्यानं ताडपत्रीच्या दोऱ्या आतून आवळून घेतल्या. आम्ही तिघं निघालो. नवरा पुढं कुऱ्हाड खांद्यावर घेऊन चालत होता आणि सारखा मोठ्यानं बोलत होता. कुणाशी? कुणाशीच नाही. "हे आलो आम्ही, हे चाललो, बाजूले व्हय रे बापा, आम्ही आमच्या कामानं चाललो." मी त्याच्या मागं, बाई माझ्या मागं. मागं कुणी नाही या जाणिवेनं बाई दर चार पावलांवर वळून बघत होत्या. मग मी त्यांना मध्ये घेतलं आणि स्वतः मागं राहिले. ते शौर्य नव्हतं. त्यांना काही झालं तर त्या बाळंतिणीचं मूल कोण काढणार, एवढाच विचार होता. पण पाठीवर घाम फुटला तो गावात पोचेपर्यंत सुकला नाही.

गावात पोचलो. खोपटात ती पोर, हो, पोरच, माझ्याएवढीच असेल, भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे. पहिला मुलगा सासूच्या पदरात गुंडाळलेला, रडत होता. बाईंनी तपासलं. दुसरं मूल आडवं होतं. बाई मला इंग्रजीत म्हणाल्या, इथं नाही, दवाखान्यात न्यायला हवं, रक्त गेलं तर माझ्याकडं इथं काहीच नाही.

चार माणसं खाटेला खांदा द्यायला तयार झाली, ती कशी झाली हे मला आजही सांगता येणार नाही. त्यातला एक म्हातारा होता, पांढऱ्या मिशांचा. तो बाईंना म्हणाला, "डाक्टरीणबाई, एक ध्यानात ठेवा. चूप नाई राहाचं. आवाज बंद झाला का तो जवळ येते. बोलत राहाचं, का बी बोला."

खाटेला दोर बांधून ती बांबूवर टांगली आणि आम्ही निघालो. सासू नातवाला घेऊन माझ्या शेजारून चालत होती. नवरा गळ्यात टांगलेलं पत्र्याचं लहान पिंप काठीनं बडवत होता. माणसं हाळ्या देत होती. दुपार कलायला लागली होती, पण ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. बांबूच्या बेटांत मात्र खाली अंधारून आलेलं. वाऱ्यानं बांबू एकमेकांवर घासत आणि प्रत्येक वेळी मी वळून बघत होते.

अर्धी वाट झाली असेल. खाटेवरची पोर ओरडली. एकदा, मग पुन्हा. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. खाट खाली ठेवली. बाईंनी चादरीखाली हात घालून बघितलं आणि मला म्हणाल्या, "पाणी गेले. आता इथेच."

"इथी?" मी म्हटलं.

बाईंनी पिशवीतून लाकडी कर्णा काढला. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचा. आणि मग त्यांनी ते सांगितलं जे कुणालाच नको होतं. "सर्व लोक शांत व्हा. मला ऐकायचे आहे."

म्हातारा म्हणाला, "नाई बाई."

"शांत!"

पिंप थांबलं. हाळ्या थांबल्या. सासूनं नातवाच्या तोंडात बोट दिलं. बाई गुडघ्यावर बसून कान लावून होत्या, आणि आम्ही सगळे उभे होतो, आणि त्या शांततेत रान ऐकू यायला लागलं. आधी नुसती पानं. मग डावीकडं, फार लांब नाही, वानर खकरलं. मग दुसरं. वानरं तशी खकरतात ती एकाच कारणानं, हे मला तिथं राहून कळलं होतं. त्यांच्या मागोमाग एक चितळ ओरडलं, टोचल्यासारखं. सगळ्यांच्या माना डावीकडं वळल्या. नवऱ्याच्या हातातली काठी पिंपाला न लागता नुसती हलत होती.

बाईंनी मान वर केली. "हृदय चालू आहे. परंतु मंद. आता करावे लागेल."

म्हाताऱ्यानं लगेच हाक दिली. पुन्हा पिंप वाजायला लागलं. चारी माणसं आमच्याकडं पाठ करून, कुऱ्हाडी घेऊन गोल उभी राहिली. सासू मध्ये येऊन बसली.

मी क्लोरोफॉर्मची बाटली आणि गॉज घेऊन पोरीच्या उशाशी बसले. बाईंना आत हात घालून बाळाचा पाय धरायचा होता आणि ते फिरवून ओढायचं होतं. हे त्यांनी आधी केलेलं मी बघितलं होतं. त्यांनी हात स्पिरिटनं धुतले, वर धरले, आणि तसेच धरून राहिल्या. हात थरथरत होते. नुसते थरथरत नव्हते, हलत होते. त्या बघत होत्या डावीकडं, बांबूत.

"बाई," मी म्हटलं.

"मी करू शकत नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी फार भयभीत आहे." हे मात्र मराठीत.

मला काय सुचावं? मला वाटलं, त्या आता पुटपुटायला लागतील, आकडे म्हणतील. पण त्यांचे ओठ हलतच नव्हते. मग मीच बोलले. डोक्यात आलं तसं, मोठ्यानं, पिंपाच्या आवाजावर.

"बाई, तुमचा तो चेंडू मारणारा मले काही खास नाई वाटत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तो लांब मारणारा मोठा. भिंतीपलीकडं मारे तो. तुमच्यावाल्यानं किती मारले भिंतीपलीकडं?"

"ती तुलना चुकीची आहे," बाई म्हणाल्या.

"काऊन चुकीची? जास्त मारले तो मोठा."

"तो अनेकदा हुकत होता!" बाईंचा आवाज चढला. "फार अनेकदा! माझा मनुष्य हुकत नव्हता. तू क्लोरोफॉर्म टाक."

मी थेंब टाकले. पोरीचे डोळे माझ्यावर होते, मोठाले. मी तिचा हात धरला. बाई खाली वाकल्या.

"मंग तो दुसरा?" मी विचारलं. "सरासरीवाला? तो तर हुकत नव्हता. त्याची सरासरी तुमच्यावाल्याच्या वर हाय, तुम्हीच सांगतलं."

"ज्या वर्षी त्याची सरासरी वर गेली, त्या वर्षी सर्वांचीच वर होती." आता त्यांचा उजवा हात आत होता, डावा पोटावर. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. "सर्व लोक मारत होते. त्या वर्षी मारणे सोपे होते. चेंडू निराळा होता. मनुष्याला त्याच्या सोबत्यांच्या तुलनेत मोजले पाहिजे. ज्या वर्षी सर्वांचे आकडे खाली गेले, त्या वर्षी माझ्या मनुष्याचे गेले नाहीत."

"दुष्काळातलं पीक," मी म्हटलं.

"काय?"

"सगळ्याईच्या वावरात कापूस बुडला अन् एकाच्याच वावरात पिकला, तसा."

"होय! नेमके तसे." त्यांचे खांदे जरा खाली आले. "आता मला टाच मिळाली. नाही, तो कोपर आहे. थांब."

डावीकडं पुन्हा वानर खकरलं, आता जवळ. एका माणसानं कुऱ्हाड झाडाच्या बुंध्यावर आपटली. कुणीतरी शिव्या द्यायला लागलं, रडवेल्या आवाजात शिव्या. पिंपाचा ताल चुकला आणि पुन्हा सुरू झाला. मी त्या दिशेला बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्या हातून बाटली पडली असती. मी बाईंच्या तोंडाकडं बघत राहिले आणि विचारत राहिले.

"पण बाई, वावर कोणतं होतं?"

"कोणते वावर?"

"काळ्या मातीत कुणीबी पिकवते. बरड जमिनीत पिकवलं तर मानाचं. तुमच्यावाल्याचं मैदान कसं होतं? भिंत जवळ होती का दूर?"

बाईंनी माझ्याकडं रोखून बघितलं. मला वाटलं, मी चुकीचं विचारलं, आता त्यांचा धागा तुटला, आता हात पुन्हा हलायला लागतील. पण त्या रागावल्या होत्या.

"मैदान सामान्य होते," त्या दात आवळून म्हणाल्या. "अत्यंत सामान्य! तू मूर्ख आहेस. पाय मिळाला."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. त्यांनी ओढलं, पोरीचं अंग गुंगीतही धनुष्यासारखं वाकलं, आणि एक पाय, मग दुसरा, मग पाठ बाहेर आली. बाई आता मराठी विसरल्या होत्या. इंग्रजीत त्या आकडे म्हणत होत्या, वर्षामागून वर्ष, त्यांच्या मारणाऱ्याचं एक, त्या दोघांचं एक, पुन्हा त्यांच्या मारणाऱ्याचं. ओरडूनच म्हणत होत्या. डोकं बाहेर आलं तेव्हा त्यांनी एक आकडा अर्धवट सोडला.

मुलगी होती. निळी. रडली नाही.

बाईंनी नाळ कापून ती माझ्याकडं दिली, कारण रक्त यायला लागलं होतं आणि त्यांना ते थांबवायचं होतं. मी तिला उलटी धरली, तोंडातलं साफ केलं, पाठ चोळली. काही नाही. मी तिच्या नाकातोंडावर तोंड ठेवून हळूच फुंकलं. सासू म्हणाली, "गेली का?" पुन्हा फुंकलं. आणि मग तिनं मांजरासारखा एक बारीक आवाज काढला, थांबली, आणि पुन्हा काढला. सासूच्या पदरातला भाऊ ते ऐकून जोरानं रडायला लागला, आणि ती दोघं मिळून त्या रानात रडत होती तेव्हा पांढऱ्या मिशांचा म्हातारा वळून न बघता म्हणाला, "रडू द्या. चांगलं हाय. आणखीन रडू द्या."

रक्त थांबलं. बाईंनी दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं होतं, ते किती वेळ कुणास ठाऊक. मग खाट उचलली. उरलेल्या वाटेवर मी मुलीला पोलक्याच्या आत छातीशी धरून चालले. वानरं आमच्या डाव्या अंगानं झाडाझाडावर खकरत येत होती, म्हणजे खाली कुणीतरी आमच्याबरोबर चालत होतं. सगळ्यांना कळत होतं. नवऱ्यानं पिंप इतकं बडवलं की त्याच्या हाताची साल निघाली. नाला लागायच्या जरा आधी वानरं गप्प झाली. ते मला जास्त वाईट वाटलं, कारण आता तो कुठं आहे हे कळायला काही नव्हतं.

जीप दिसली तेव्हा सूर्य बुडतच होता. ड्रायव्हर ताडपत्री सोडेना. आम्हीच आहोत हे त्याला नावं घेऊन पटवावं लागलं. खांदेकऱ्यांनी परत गावी जायला नकार दिला आणि सगळे, सगळेच्या सगळे, जीपमध्ये आणि जीपवर बसून दवाखान्यात आले. त्या रात्री व्हरांड्यात ते झोपले.

बाई आवारात उतरल्या, पेशंटला आत नेलं, नाडी बघितली, मग मागच्या बाजूला जाऊन ओकल्या. मी पाणी घेऊन गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पण बसले.

पोर वाचली. दोन्ही मुलं वाचली. मुलगी अशक्त होती, तिला कापसात गुंडाळून कंदिलाजवळ ठेवावं लागलं, पण दूध ओढायला लागली. घरी जायच्या दिवशी मुलांची आई मला म्हणाली, जरा घुश्श्यातच, "बाई, एक विचारू? मी तिथी मरून राह्यली होती अन् तुम्ही दोघी भांडून राह्यल्या होत्या. कायच्यावरून?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. लाकूड, चेंडू, भिंत. ती ऐकून घेत होती आणि दोन्ही पोरांना आलटून पालटून पाजत होती. शेवटी म्हणाली, "जमिनीवरून असन, असं मले वाटलं. वावर वावर करत होत्या तुम्ही."

त्या वाघाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. कुणी म्हणे तो तेलंगणाकडं नदी उतरून गेला, कुणी म्हणे एका शिकाऱ्यानं जो वाघ मारला तोच तो. माझी भीती मात्र गेली नाही. पुढं कितीतरी महिने मला दवाखान्याच्या विहिरीवर एकटीनं जाता येत नसे. बादली उजेडातच भरून ठेवायची, आणि तरी पाठीमागं पान हललं की मी ओरडत असे. माहेरच्या शिकवणीचा काही उपयोग झाला नाही. बाईंनी मला त्यावरून कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट मी ओरडले की त्या खिडकीतून हाक देत, "मी इथे आहे," आणि मी बादली उचलून परत येईपर्यंत खिडकीत उभ्या राहत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी आम्ही गॉजच्या घड्या करत होतो. बाई म्हणाल्या, "मी तुला एक असत्य सांगितले."

"कोणतं?"

"मैदान. ते सामान्य नव्हते. भिंत फार जवळ होती. माझ्या मनुष्याचे पुष्कळ चेंडू त्या भिंतीमुळे मोजले गेले. दुसऱ्या मैदानावर ते झेलले गेले असते." त्यांनी हातातली घडी गुडघ्यावर ठेवून सपाट केली. "आणि ज्या वर्षी सर्वांचे आकडे खाली गेले, त्या वर्षी सरासरीवाल्याचेही गेले नाहीत. तो माझ्या मनुष्याच्या वरच राहिला. माझे वडील मला हे नेहमी सांगत. मी ऐकत नसे."

"म्हंजे तिघांत तुमचा कितवा?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, ओठ हलवून, वर्षं मोजून.

"तिसरा," त्या म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "तिसरा म्हंजे बी काही कमी नाई बाई. एवढ्या मोठ्या देशात."

"कमी नाही," त्या म्हणाल्या, आणि गॉजचा पुढचा तुकडा माझ्याकडून मागून घेतला.